टर्बाइन इंजिन सुरू होताना: आधी हवा, मग आग

यंत्र अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने वडिलांसह कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून एटीआर या पंख्याच्या विमानाने प्रवास केला आणि त्यानंतर हा प्रश्न विचारला आहे. निघण्यापूर्वी उजव्या इंजिनाचा आवाज चढत गेला, पंखा मात्र जागचा हलला नाही. मग आवाज एकाएकी उतरला, पाचेक मिनिटे शांतता राहिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. वडिलांनी विचारले, "आपलं पाण्याचं इंजिन एका हँडलात धरतंय, ह्यांचं एवढं मोठं असून का धरंना?" विद्यार्थ्याला उत्तर देता आले नाही. टर्बाइन इंजिन नेमके कसे सुरू होते आणि त्यात काय बिघडू शकते, हे त्याला समजून घ्यायचे आहे. माझे लहानपण शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनांच्या संगतीत गेले आणि पुढची तीस वर्षे विमानांच्या देखभालीत गेली, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

उत्तराची अर्धी वाट वडिलांच्या प्रश्नातच आहे. शेतावरचे डिझेल इंजिन हँडलने सुरू करताना आपण आधी डी-कॉम्प्रेशनचा खटका उचलतो, फ्लायव्हीलला वेग देतो आणि वेग आला की खटका सोडतो. पहिला बार झाला की त्याचे बळ फ्लायव्हील पुढच्या बारापर्यंत वाहून नेते आणि इंजिन धरते. हे शक्य होते, कारण झडपा बंद असलेल्या सिलिंडरात हवा कोंडलेली असते आणि जळलेल्या वायूला पिस्टन ढकलण्यावाचून दुसरी वाट नसते. टर्बाइन इंजिनात असे कोंडणारे काहीच नाही. ते दोन्ही टोकांना उघडे असलेले नळकांडे आहे. पुढे कॉम्प्रेसर, मध्ये ज्वलनकक्ष, मागे टर्बाइन आणि कॉम्प्रेसर व टर्बाइन एकाच दांड्यावर. ज्वलनकक्षातला वायू पुढच्या बाजूने न येता मागच्या बाजूनेच जातो तो केवळ कॉम्प्रेसरने दाबून धरलेल्या हवेमुळे. दाब हेच तिथले झाकण आहे, आणि कॉम्प्रेसर वेगात फिरत असेल तरच ते झाकण असते.

इंजिन चालू असताना टर्बाइन जेवढी ताकद काढते, त्यातली साधारण दोन तृतीयांश ताकद एकटा कॉम्प्रेसरच खातो. कमी वेगात कॉम्प्रेसरची कार्यक्षमता इतकी वाईट असते की टर्बाइनची सगळी ताकद दिली तरी त्याची भूक भागत नाही. म्हणून इंधन पेटले म्हणजे इंजिन सुरू झाले, असे इथे म्हणता येत नाही. पेटल्यानंतरही बराच वेळ बाहेरून कोणीतरी ते फिरवत राहावे लागते, आणि साधारण निम्म्या वेगाच्या आसपास टर्बाइन स्वतःचा व कॉम्प्रेसरचा भार पेलू लागली की मगच स्टार्टर सोडता येतो. सुरू होण्याच्या वेळचे बहुतेक बिघाड पेटणे आणि पेलणे यांच्यामधल्या त्या पंधरा-वीस सेकंदांत होतात.

इथे आणखी एक गोष्ट आधी मनात पक्की करावी लागते, आणि कोल्हापूरच्या माणसाला ती सुरुवातीला उलटी वाटते. शिरोलीच्या फाउंड्रीत लोखंड वितळवणाऱ्या क्युपोला भट्टीच्या ब्लोअरची हवा कमी पडली की लोखंड थंड पडते. गुऱ्हाळात चुलवाणाला हवेची ओढ नसली की नुसता धूर होतो आणि काहिलीतला रस उकळायचा राहतो. म्हणजे हवा कमी तर उष्णता कमी, हा आपल्या भट्ट्यांचा नियम. टर्बाइन इंजिनात हवा कमी पडली की उष्णता वाढते. कारण ज्वलनकक्षात येणाऱ्या हवेपैकी साधारण चौथाई हवाच मुख्य ज्वाळेत जळणासाठी लागते, आणि उरलेली हवा ज्वाळेला भिंतींपासून दूर ठेवण्यासाठी व जळलेला वायू टर्बाइनपर्यंत पोहोचण्यापूर्वी थंड करण्यासाठी असते. ज्वाळेचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते, आणि पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात, तो त्याच्या कितीतरी आधी वितळतो. पाती टिकतात ती या जादा हवेच्या जोरावर. इंजिन मंद फिरत असताना इंधन तेवढेच आले आणि हवा निम्मीच आली, तर चुलीच्या तोंडाशी हात धरावा तशी पाती ज्वाळेच्या तोंडाशी येतात. म्हणून आधी हवा आणि मग आग, हा क्रम कधीही उलटवता येत नाही.

आता प्रत्यक्ष क्रम पाहू. एटीआर ७२ च्या पीडब्ल्यू १२७ इंजिनाला विजेचा स्टार्टर असतो. इंजिन चालू झाल्यावर तोच जनरेटर म्हणून काम करतो. बटण दाबले की तो उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरचा दांडा फिरवू लागतो. वेग दहा टक्क्यांच्या आसपास आला की वैमानिक इंधनाचा खटका उघडतो, काही सेकंदांत तापमानाचा काटा हलतो, आणि ४५ टक्क्यांच्या सुमारास स्टार्टर आपोआप सुटतो. मोठ्या जेट विमानांत स्टार्टर हवेवर चालतो. शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनाची किंवा जमिनीवरच्या यंत्राची दाबाखालची हवा एका लहान टर्बाइनला फिरवते आणि ती गिअरमधून इंजिनाला फिरवते. बोइंग ७३७ वरच्या सीएफएम ५६ इंजिनात आतला दांडा २५ टक्के वेगाला आल्यावर इंधन देतात. हा वेग ऐकायला कमी वाटतो, पण १०० टक्के म्हणजे मिनिटाला १४,४६० फेरे असल्यामुळे ठिणगीला इंधन मिळण्याआधीच तो दांडा मिनिटाला साडेतीन हजारांहून अधिक फेरे घेत असतो. त्या इंजिनाचा स्टार्टर ५६ टक्क्यांना सुटतो.

पंखा का हलला नाही, याचेही उत्तर इथेच आहे. एटीआरचा पंखा कॉम्प्रेसरच्या दांड्याला जोडलेला नसतो. मागे एक स्वतंत्र टर्बाइन असते. तिच्यावर फक्त वायूचा झोत आदळतो आणि ती वेगळ्या दांड्यावरून गिअरबॉक्समार्फत पंखा फिरवते. त्यामुळे पुढचे सगळे इंजिन व्यवस्थित चालू असताना पंखा ब्रेकने धरून ठेवता येतो. एटीआरला शेपटीत सहायक इंजिन नाही. म्हणून जमिनीवर वीज आणि वातानुकूलन मिळावे यासाठी उजव्या इंजिनाच्या पंख्याला असा ब्रेक दिलेला आहे. त्या अवस्थेला आम्ही हॉटेल मोड म्हणतो. डाव्या बाजूने प्रवासी चढत असताना उजवे इंजिन पंखा न फिरवता चालू असू शकते, ते यामुळे.

ठिणगीविषयी थोडक्यात सांगतो. इग्नायटर म्हणजे मोटारीच्या स्पार्क प्लगचा थोरला भाऊ. तो सेकंदाला एखाद-दुसरी, पण फार जोरकस ठिणगी टाकतो. विमाने उभी असतात त्या एप्रनवर शांतता असताना इंजिनाजवळ उभे राहिले तर ती टिक्-टिक् स्पष्ट ऐकू येते. इंजिन एकदा चालू झाले की ज्वाळा स्वतःच टिकते आणि ठिणगीची गरज उरत नाही. इग्नायटरच्या पेटीत साठलेली वीज माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून वीजपुरवठा तोडल्यावर नेमून दिलेला वेळ गेल्याशिवाय त्या तारेला हात लावू नये, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगत आलो.

बिघाडांत सर्वांत महागडा तो हॉट स्टार्ट. तापमान मर्यादेपलीकडे जाते आणि टर्बाइनची पाती भाजतात. सीएफएम ५६ मध्ये उड्डाणाच्या वेळी निघणाऱ्या वायूला ९५० अंशांपर्यंत मुभा आहे, पण सुरू करताना मर्यादा ७२५ अंशांची. विद्यार्थ्यांना ही विसंगती वाटते. उड्डाणाच्या वेळी पात्यांच्या आतून आणि भोवतीने भरपूर थंड हवा वाहत असते, सुरू करताना ती नसते, एवढाच त्याचा अर्थ. लहान विमानांना लागणाऱ्या पीटी-सिक्स जातीच्या काही इंजिनांत सुरू करताना १,०९० अंशांपर्यंत जाण्याची सवलत आहे, पण ती मोजून दोन सेकंदांची.

मी नोकरीला लागून चार वर्षे झाली असतील. एका लहान धावपट्टीवर पीटी-सिक्स इंजिनाचे एक छोटे विमान सकाळी निघायचे होते. रात्री कोणाकडून तरी एक दिवा चालू राहिला होता आणि बॅटरी उतरली होती. या विमानाची बॅटरी चोवीस व्होल्टच्या खाली असेल तर तिच्यावर इंजिन सुरू करू नये, असा नियम आहे. जमिनीवरून वीज देणारी गाडी धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि घाई होती. मी काचेबाहेर उभा होतो. स्टार्टरचा आवाज रोजच्यासारखा चढला नाही. तो चढता चढता मध्येच थबकला, जणू चढावर बैलगाडी अडावी. इंधन बारा टक्क्यांच्या वर द्यायचे असते, काटा नऊवर अडला होता, आणि त्या नऊवरच इंधन दिले गेले. पुढच्या क्षणी धुराड्याच्या तोंडाशी नारिंगी जीभ दिसली. वैमानिकाने इंधन तोडले, पण दोन-तीन सेकंद उशिरा, आणि त्याच हिसक्यात स्टार्टरही बंद केला. दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. इंधन तोडल्यावर स्टार्टर चालू ठेवला असता, तर निदान थोडी हवा आतून वाहत राहिली असती. तीही थांबली आणि आतली उष्णता आतच राहिली.

दोन दिवसांनी आम्ही इंजिनाचा पुढचा भाग उतरवला, कारण पीटी-सिक्सची मांडणी उलटी असते आणि टर्बाइन पुढे, पंख्याच्या बाजूला असते. पीटी-सिक्सची ही सोय आहे की इंजिन विमानावर असतानाच त्याचा तापणारा भाग उघडून पाहता येतो. कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या टर्बाइनची पाती करंगळीएवढीही नसतात. त्यांच्या कडा साफ आणि एकसारख्या असायला हव्यात. एका बाजूच्या आठ-दहा पात्यांची टोके मेणासारखी ओघळून गोल झाली होती, आणि त्यांच्यावर बोट फिरवले तेव्हा खरखरीत राख लागली. बाकीची पाती वरून ठीक दिसत होती, पण तीही बाद झाली, कारण एवढी उष्णता सोसलेल्या धातूच्या आत काय झाले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. पूर्ण वेगाला हा दांडा मिनिटाला सुमारे साडेसदतीस हजार फेरे घेतो. त्या वेगात अशा पात्यावर विश्वास टाकणे म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळणे होय.

हॉट स्टार्टची कारणे पुष्कळ असली, तरी ती शेवटी एकाच ठिकाणी येतात: इंधनाच्या मानाने हवा कमी. उतरलेली बॅटरी, स्टार्टरला मिळणाऱ्या हवेचा अपुरा दाब, इंधन नियंत्रकाची चुकीची मात्रा, आधीच्या प्रयत्नातले साठलेले इंधन, आणि मागून येणारा वारा. शेवटचे कारण नवख्यांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो, आणि विमानाची शेपटी त्या बाजूला असेल तर तो वारा धुराड्यातून शिरून वायूच्या वाटेला आडवा येतो. मोठ्या जेटमध्ये तर पुढचा पंखा उलटा फिरताना दिसतो. म्हणून वाऱ्याला मर्यादा घालून दिलेल्या असतात आणि जमेल तिथे विमानाचे नाक वाऱ्याकडे करून उभे करतात. उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. त्या उंचीवर एप्रिल-मेच्या दुपारी हवा विरळ असते आणि काटा मुंबईपेक्षा थोडा वर चढतो. हे अपेक्षितच असते, पण त्यामुळे चुकीला उरणारी जागा कमी होते.

हंग स्टार्ट फसवा असतो. इंजिन पेटते, पण तीस-पस्तीस टक्क्यांवर अडकते, ना पुढे ना मागे. तापमान हळूहळू चढत राहते. गजबजाट नाही, ज्वाळा नाही, त्यामुळे थोडे थांबून पाहू असा मोह होतो. स्टार्टर वेळेआधी सुटलेला असू शकतो, कॉम्प्रेसरची पाती धुळीने व चिकट मळाने बरबटलेली असू शकतात, हवा सोडणारी एखादी झडप उघडी राहायच्या वेळी मिटलेली असू शकते. वेग वाढला नाही तर हवा वाढत नाही आणि हवा वाढली नाही तर वेग वाढत नाही, अशा फेऱ्यात अडकलेले इंजिन थांबून पाहिल्याने सुटत नाही. जास्त इंधन दिल्याने तर फक्त पाती भाजतात. ते बंद करणे हाच उपाय.

तिसरा प्रकार वेट स्टार्ट. इंधन आले, ठिणगी मिळाली नाही किंवा ती ओली झाली, आणि तापमानाचा काटा हललाच नाही. धुराड्यातून पांढरी वाफ येते, खालच्या नळीतून केरोसीन टपकू लागते. ठरलेल्या वेळात इंजिन पेटले नाही तर इंधन तोडतात आणि ठिणगी बंद ठेवून नुसत्या स्टार्टरने ते कोरडे फिरवतात, म्हणजे आत साचलेले इंधन उडून जाते. चुलवाणात ओले चिपाड कोंबले की आधी धुराचे लोट येतात आणि मग ते एकदम भडकून तोंडातून ज्वाळा बाहेर येते, हे गुऱ्हाळावर उभे राहिलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. कोरडे न फिरवता पुन्हा पेटवलेले इंजिन तसेच भडकते. हा धडा या यंत्राच्या जन्माइतकाच जुना आहे. १२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी येथे फ्रँक व्हिटल यांनी आपले जेट इंजिन पहिल्यांदा चालवले, तेव्हा इंधनाची झडप बंद केल्यावरही त्याचा वेग चढतच राहिला आणि भोवतीची माणसे पळून गेली. आधी गळून ज्वलनकक्षात साचलेले इंधन जळत होते. ते संपले तेव्हाच इंजिन उतरले.

साचलेले इंधन इंजिन सुरू करताना किंवा बंद केल्यावर धुराड्यात पेटते, त्याला टेलपाइप फायर म्हणतात. प्रवाशाला खिडकीतून हात-दोन हात लांब ज्वाळा दिसते आणि त्याचा धीर सुटतो, पण कॉकपिटमध्ये आगीची घंटा बहुधा वाजत नाही, कारण आग ओळखणाऱ्या तारा इंजिनाच्या बाहेरच्या आवरणात असतात आणि ही आग इंजिनाच्या आत, जिथे एरवीही आगच असते, तिथे असते. इंजिनाची अग्निशामक बाटलीही बाहेरच्या आवरणातच फवारते, म्हणून तिचा इथे उपयोग नाही. इंधन बंद आणि स्टार्टर चालू, हाच उपाय. वाहती हवा ज्वाळा विझवून टाकते. कॉकपिटला ही आग दिसत नसल्याने हेडफोन लावून बाहेर उभ्या असलेल्या तंत्रज्ञाचे डोळे हाच खरा इशारा असतो. प्रवाशाने असे काही पाहिले तर आसन न सोडता ताबडतोब विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगावे. स्वतःहून दार उघडू नये, कारण अशा आगीपेक्षा घाबरून बाहेर उड्या टाकण्यात माणसांना जास्त इजा झालेल्या आहेत.

स्टार्टरची झडप न उघडणे हा बिघाड त्या मानाने साधा. मोठ्या जेटमध्ये तंत्रज्ञ आवरणातल्या छोट्या छिद्रातून दांडा घालून ती हाताने उघडतो आणि वैमानिकाने सांगितले की मिटतो. ते काम चालू इंजिनाला खेटून उभे राहून करावे लागते. म्हणून जाण्या-येण्याची वाट ठरलेली असते आणि ती कधीही हवा ओढणाऱ्या तोंडासमोरून जात नाही. उलट, झडप उघडीच अडकली तर स्टार्टर सुटत नाही आणि भलत्याच वेगाने फिरून फुटू शकतो. साळुंक्या एका दिवसात इंजिनाच्या तोंडात काड्या भरतात, त्यामुळे रात्रीसाठी विमान उभे केले की झाकणे लावणे आणि सकाळी ती काढताना आत दिवा मारून पाहणे, हे काम कधीही टाळू नये.

नव्या इंजिनांत एक वेगळाच त्रास पुढे आला. इंजिन बंद केल्यावर आतली गरम हवा वर चढते, दांड्याची वरची बाजू खालच्यापेक्षा गरम राहते, आणि दांडा केसभर वाकतो. जुन्या इंजिनांत पात्यांच्या टोकांशी मोकळी जागा जास्त असल्यामुळे हे खपून जाई. इंधन वाचवण्यासाठी ती जागा कमी केल्यावर वाकलेला दांडा घासू लागला. २०१६ मध्ये एअरबस ए३२० निओ विमाने सेवेत आली, तेव्हा त्यांतली पीडब्ल्यू ११०० इंजिने सुरू व्हायला लागणाऱ्या वेळाची मोठी चर्चा झाली, ती यामुळेच. पेटवण्यापूर्वी ती काही काळ नुसती फिरवून दांडा सरळ होऊ द्यावा लागत असे. अशा विमानांत तापमान चढले, वेग अडला किंवा ज्वाळा लागली नाही, तर संगणक जमिनीवर स्वतःच इंधन तोडतो. एटीआरमध्ये मात्र इंधनाचा खटका अजून वैमानिकाच्या हाताखाली असतो, आणि काटा खाली येऊन स्थिर होईपर्यंत तो हात तिथून निघत नाही.

आता त्या पाच मिनिटांविषयी. पहिला प्रयत्न सोडल्यावर विजेच्या स्टार्टरला थंड व्हायला वेळ द्यावा लागतो, कारण सुरुवातीला तो शेकडो अँपियर ओढतो आणि त्याची गुंडाळी तापते. लागोपाठ किती प्रयत्न करायचे आणि मध्ये किती थांबायचे, हे पुस्तकात सेकंदांत लिहिलेले असते. त्याच वेळात साचलेले इंधन निथळते, बॅटरीचा व्होल्ट किंवा जमिनीवरच्या विजेची जोडणी पाहिली जाते, वारा कुठून आहे ते पाहिले जाते, आणि पहिल्या प्रयत्नात काटा कुठपर्यंत गेला होता, त्याची नोंद होते. ती नोंद मर्यादेच्या आत असेल तरच दुसरा प्रयत्न होतो. मर्यादेबाहेर असेल तर प्रवासी उतरतात आणि इंजिनाच्या आत डोकावायची बोअरस्कोपची नळी घेऊन आम्ही चढतो. वडिलांना एवढेच सांगावे की हँडल मारताना फ्लायव्हीलला वेग येण्याआधी खटका सोडला, तर हँडल उलटे येऊन मनगट मोडते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. त्या दिवशी वैमानिकाने वेग पुरेसा आला नाही हे पाहून इंजिन बंद केले आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवायला घेतले.